खिशातली डब्याची पाळी

अच्युतने ते यंत्र माझ्या तळहातावर ठेवलं तेव्हा आम्ही कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो. अच्युत आमच्या शॉपमधला तरुण इंजिनियर. हैदराबादला ट्रेनिंगला गेला होता, तिथून घेऊन आला. मी त्याच्या हाताखाली असलो तरी वयाने मोठा, म्हणून तो मला काका म्हणतो.

"खिशातला कॉम्प्युटर आहे काका. डायरी, पत्ते, कामांची यादी, सगळं यात."

"गजर आहे?"

"आहे ना."

"एकच का जास्त?"

"हवे तेवढे लावा."

"आणि समजा एखादी गोष्ट रोज नाही, आठवड्यानेही नाही, दर सोळाव्या दिवशी यायला हवी असेल तर?"

अच्युतने एक बारीक काडी काढली, काचेवर दोनतीनदा टेकवली आणि मला दाखवलं. प्रत्येक सोळाव्या दिवसावर एक ठिपका आला होता. पुढचे महिने उलटून बघितले. ठिपके होतेच.

माझा चहा तसाच राहिला. मी म्हणालो, "हे कुठे मिळतं?"

सोळा का, ते सांगतो.

आम्ही भोपाळला, पिपलानीच्या कंपनी क्वार्टरमध्ये राहतो. इथे सगळेच बाहेरून आलेले. कुणी आजारी पडलं, बाळंतीण झाली, तर धावून यायला गावाकडचं माणूस पोचेपर्यंत दोन दिवस जातात. म्हणून आमच्या भागातल्या मराठी घरांनी पूर्वीच ठरवून घेतलंय की टाउनशिपच्या हॉस्पिटलात आपलं माणूस दाखल झालं की दोन्ही वेळचा डबा घरचा जाईल. आज या घरून, उद्या त्या घरून. याला आम्ही डब्याची पाळी म्हणतो.

ही पाळी माझी बायको मनोरमा चालवायची. बावीस वर्षं. कुणाची पाळी कधी, कुणाकडे पाहुणे आहेत, कुणाच्या घरातल्या माणसाची कुठली शिफ्ट आहे म्हणजे डबा पोचवायला कोण मोकळा, कुठल्या पेशंटला मीठ चालत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. कागद नाही, वही नाही. जानेवारीत ती स्वतः दाखल झाली तेव्हा खाटेवरून मला सांगायची, "उद्या निर्मलाकडून येईल. तिला म्हणावं तुमच्यापुरत्या दोन पोळ्या जास्त टाक." तो डबा मीही खात होतो. अठरा दिवस. मग ती गेली.

मार्चमध्ये एक बाळंतीण दाखल झाली आणि दोन दिवस तिला डबाच गेला नाही. प्रत्येक घराला वाटलं, आज दुसऱ्याची पाळी आहे. आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी सरोजताई. त्यांना हे तिसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी ऐकवलं. त्यांनी जाऊन त्या बाळंतिणीच्या आईची माफी मागितली. जूनच्या मीटिंगमध्ये त्यांनी सरळ विषय काढला, की मनोरमावहिनी होत्या तोवर झालं, आता पाळी बंद करू.

मी मीटिंगमध्ये कधी बोलत नाही. त्या दिवशी उभा राहिलो. "माझ्याकडे द्या."

"नीळकंठराव," सरोजताई म्हणाल्या, "तुम्हाला घरातली साखर सापडते का?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण सापडत नव्हती. आठवडाभर मी चहात गूळ घालत होतो.

"गणपतीपर्यंत चालवून बघा," शेवटी त्या म्हणाल्या. "पण एक वेळ जरी चुकली तरी बंद. दवाखान्यात माणूस उपाशी राहणार असेल तर आपल्या नावाने काही नकोच."

मी कबूल केलं. पाळी बंद पडली असती तर मनोरमाचं या जगात चालू असलेलं शेवटचं काम बंद पडलं असतं. मला एवढंच दिसत होतं.

पुढच्या रविवारी अच्युतला घेऊन एम. पी. नगरच्या बाजारात गेलो. दुकानदाराने काउंटरवर दोन यंत्रं ठेवली. एक रंगीत. चालू केलं तर आत फुलं उमललेली, निळं पाणी, गाणीसुद्धा वाजत होती. दुसरं राखाडी, जुन्या कॅल्क्युलेटरसारखं.

"अंकल, कलर ले लो. देखो क्या पिक्चर है," दुकानदार म्हणाला.

"चार्ज कितने दिन चलेगा?"

"रोज लगाना पड़ेगा, मोबाइल जैसा."

"और ये?"

"ये तो दो सेल पे महीना भर. पर इसमें मजा नहीं है अंकल."

मी तीस वर्षं मोठ्या मोटारींच्या मेंटेनन्समध्ये काढली. रोज ज्याला वीज पाजावी लागते आणि जे एक दिवस विसरलं तर मरतं, त्यावर मी माणसांचं जेवण ठेवणार नव्हतो. राखाडी उचललं. हातात बसतं का बघितलं. बसलं. शर्टाच्या खिशात घालून वाकून बघितलं, पडतं का. नाही पडलं. बटणं जाड होती, बोटाला समजत होती. उन्हात धरलं तर अक्षर जास्तच ठळक दिसलं. रंगीत बाहेर नेलं तर नुसता आरसा झाला.

"काका, तुम्ही नवरी बघायला आल्यासारखे बघताय," अच्युत म्हणाला.

"नवरी मी एकदाच बघितली आणि दहा मिनिटांत हो म्हणालो. हे यंत्र आहे, वेळ लागणारच."

एक धोका दुकानदाराने सांगितला. सेल पूर्ण संपले, किंवा बदलताना मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लागला, तर आतलं सगळं पुसलं जातं. मी म्हणालो, चालेल. घरी आल्यावर डोळे मिटून सेल बदलायचा सराव केला. दहाव्या वेळेला अकरा सेकंदांवर आलो.

लिहायचं शिकायला तीन दिवस लागले. त्यात मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, तीही त्याच्या पद्धतीने, काडी न उचलता एकेका रेघेत. ए काढताना मधली दांडी द्यायची नाही, टी म्हणजे वरची रेघ आणि एक पाय. के माझा कधीच नीट यायचा नाही, मासा काढल्यासारखा काढावा लागायचा. पण ड्रॉइंगवर अक्षरं काढायची मला सवय. चौथ्या दिवशी मी इंग्रजी अक्षरांत 'मीठ कमी, भात मऊ' असं भराभर लिहीत होतो आणि आपलंच आपल्याला हसू येत होतं.

मग घरोघरी गेलो. सोळा घरं, म्हणून प्रत्येकाची पाळी सोळाव्या दिवशी. प्रत्येकाच्या नावाखाली क्वार्टर नंबर, फोन, शिफ्ट, आणि मनोरमा त्या घराबद्दल जे जे बोलायची, ते आठवेल तसं. कामांच्या यादीत एकेक काम झालं की शेजारच्या चौकोनात काडी टेकवायची, बरोबरची खूण उमटते. ती खूण करताना काय वाटायचं ते कसं सांगू? मनोरमा गेल्यापासून माझ्या घरात एकही गोष्ट पूर्ण होत नव्हती. कपडे वाळत घातले तर काढायचे राहायचे. आता दिवसाला बारा खुणा होत होत्या. सकाळी उठल्यावर मला आता काहीतरी करायचं असायचं.

दहा जुलैला मंदाकिनीबाई दाखल झाल्या. सत्तरीच्या, बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलेलं, मुलगा विजय लांबच्या साइटवर. दीड महिना तरी पाय वजन लावून ठेवायचा होता. मी यंत्र उघडलं आणि पाळी सुरू केली. आदल्या संध्याकाळी सातला यंत्र पिंपिं करायचं, मी त्या घरी फोन करायचो. सकाळी अकराला पुन्हा पिंपिं, मी डबा पोचवणाऱ्याला फोन करायचो. एका घरी अचानक सासरे आले तर दोन पाळ्यांची अदलाबदल केली, अर्ध्या मिनिटात, खोडाखोड नाही. एकोणीस दिवस. अडतीस डबे. एक चुकला नाही. सरोजताई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "चाललंय म्हणे." त्यांच्याकडून हे म्हणजे हारच.

मंदाकिनीबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "मी श्रावणी सोमवार करते हो. पाय मोडला म्हणून सोडणार नाही. दिवसभर काही नको, संध्याकाळी मात्र पूर्ण जेवण. कांदा-लसूण नाही." मी डॉक्टरांना विचारून घेतलं, ते हो म्हणाले. घरी आलो, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, श्रावण कधी सुरू होतो आणि कधी संपतो ते घेतलं आणि त्यातला प्रत्येक सोमवार यंत्रात भरला: दुपारचा डबा नाही, संध्याकाळी सहाला पूर्ण जेवण. चारही सोमवार एका दमात भरले गेले. मला इतका आनंद झाला की मी यंत्र हातात घेऊनच घरात दोन फेऱ्या मारल्या.

एकोणतीस जुलैला पहिला सोमवार आला. त्या दिवशी पाळी अच्युतच्या घरची होती. त्याची बायको सुचेता ग्वाल्हेरला वाढलेली. मी तिला आदल्या दिवशी फोन केला. "उद्या सोमवार, दुपारी काही नको. संध्याकाळी पूर्ण ताट."

"हो काका, आमच्या शेजारणींचे पण सोमवार चालू झाले," ती म्हणाली.

मी चारला शिफ्टवरून सुटलो तो थेट हॉस्पिटलात. मंदाकिनीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "काय, कसा आहे उपास?"

"कसला उपास?"

"आज श्रावणी सोमवार ना."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "नीळकंठराव, अजून अमावास्या कुठे झालीये? आषाढ चालू आहे. मी बारापासून दाराकडे बघतेय."

मला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसलोच. इथल्या हिंदी लोकांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी येतो. भोपाळमधल्या प्रत्येक मराठी माणसाला हे माहीत असतं. मलाही तीस वर्षं माहीत होतं. पण दरवर्षी इंदूरहून मनोरमाचा भाऊ मराठी कॅलेंडर आणून द्यायचा, ते या वर्षी कुणी आणलं नाही. भिंतीवर दूधवाल्याने दिलेलं हिंदी कॅलेंडर होतं. मी त्यावरचा श्रावण उचलून यंत्रात भरला आणि यंत्राने तो बिनचूक लक्षात ठेवला.

"मग तुम्ही दुपारी काही खाल्लंच नाही?"

त्यांनी शेजारच्या खाटेकडे मान वळवली. तिथे एक हिंदी बाई पडून होत्या, हाताला प्लास्टर. त्या हसून म्हणाल्या, "भाईसाब, हमारा तो सोमवार है. माताजी भूखी बैठी थीं, हमने अपनी थाली इधर सरका दी."

"चांगली होती थाली," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तुमचा चेहरा असा का झाला? मी काही कुणाला सांगत नाहीये. सरोजला तर मुळीच नाही."

बाहेर येऊन मी स्कूटर चालू केली आणि तशीच उभी ठेवली. त्यांनी खरंच सांगितलं नसतं. शेजारच्या बाई सरोजताईंना ओळखत नव्हत्या. मी घरी जाऊन तारखा बदलल्या असत्या की संपलं असतं. पाळी गणपतीपर्यंत गेली असती, मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या असत्या. पण मनोरमा एकदा एका पेशंटला डबा पोचायला तासभर उशीर झाला तर संध्याकाळी स्वतः सरोजताईंकडे जाऊन सांगून आली होती. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, कशाला सांगतेस, कळलं असतं का कुणाला? ती चपला घालून निघून गेली.

मी सरोजताईंच्या क्वार्टरवर गेलो. दार त्यांचे यजमान विश्वासराव यांनी उघडलं. सरोजताई ओट्याशी भाजी निवडत होत्या.

"आज दुपारची वेळ चुकली," मी उभ्याउभ्याच सांगितलं. आणि सगळं सांगितलं, दूधवाल्याच्या कॅलेंडरसकट.

विश्वासराव मोठ्याने हसले. "म्हणजे तुमच्या यंत्राने सावन लावला! पुढल्या आठवड्यात कावड पण पाठवेल."

"तुम्ही गप्प बसा," सरोजताई त्यांना म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या. "म्हणजे चुकली."

"चुकली. ठरल्याप्रमाणे बंद करा. फक्त मंदाकिनीबाई अजून तीन आठवडे आहेत, त्यांच्यापुरती चालू द्या."

त्यांनी हात पुसले. "बघू ते यंत्र."

मी उघडून दिलं. उद्याचा दिवस दाखवला, घर, डबा कोण नेणार, काय चालतं, काय नाही. त्यांनी बोटाने बटण दाबून बघितलं. मग नावांची यादी आली. त्या एकेक नाव उघडत गेल्या आणि मला एकदम आठवलं की त्यांचंही नाव त्यात आहे. मी हात पुढे केला. उशीर झाला होता.

"सरोज," त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर जुळवत वाचलं. "आमटी उत्तम. पोळ्या जाड. पेशंटला दात नसतील तर भात सांगावा." त्यांनी मान वर केली. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

विश्वासराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"मनोरमा म्हणायची," मी म्हणालो.

सरोजताई म्हणाल्या, "माझ्या तोंडावर पण म्हणायची. म्हणायची, सरोज, तुझी पोळी म्हणजे सतरंजी." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि हसल्याही. मलाही तसंच झालं.

"बंद नाही करायची," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही बाजारात. तुम्ही त्याच दिवशी पाच तासांत माझ्या दारात आलात. चूक होणारच, पण ती त्याच दिवशी कळली तर रात्रीच्या आत काहीतरी करता येतं. बसा."

त्यांनी खिळ्यावरचं मराठी कॅलेंडर काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. त्या वाचत गेल्या, मी चुकीचे सोमवार पुसून नवे भरत गेलो. बारा ऑगस्ट, एकोणीस, सव्वीस, दोन सप्टेंबर. मग चतुर्थ्या, एकादश्या. कोण काय पाळतं ते त्यांना तोंडपाठ होतं. दिवाळीपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी काडी माझ्या हातातून घेतली. "मला लिहून बघू दे." त्यांचा पहिला एस उलटा आला, दुसरा बरोबर. "अहो, आलं!" त्या विश्वासरावांना ओरडून म्हणाल्या.

मग त्यांनी घरं मोजली. दोनदा मोजली.

"सोळाच आहेत. सतरावं कुठे?"

"सतरावं कुठलं?"

"तुमचं. वहिनींची पाळी असायची ना. ती कुठे गेली?"

"सरोजताई, मला स्वयंपाक येत नाही."

"मऊ भात आणि मुगाचं वरण. मी सांगते, त्यात लिहून घ्या. एक वाटी तांदूळ, साडेतीन वाट्या पाणी. कुकरच्या पाच शिट्ट्या. लिहिलंत का?"

मी लिहिलं. त्यांनी परवाचा बुधवार दाखवून काडी टेकवली. मी तिथे माझं नाव घातलं. आता सोळाचं सतरा करायचं होतं, प्रत्येक घराचं, एकेक करून. घरी जाऊन बसलो आणि अर्ध्या तासात केलं. पुढचे सगळे ठिपके एकेक दिवस सरकले. मी ते पुढे-मागे करून किती वेळा बघितले, सांगता येणार नाही.

बुधवारी पहाटे मी दोनदा भात केला, कारण पहिला लागला. दुसरा बरा झाला. वरणात हिंग टाकताना किती टाकावा ते लिहून घ्यायचं राहिलं होतं, म्हणून सातला सरोजताईंना फोन केला. सुट्टी काढली होती. अकराला यंत्र वाजलं. पडद्यावर माझं नाव होतं. मी डबा स्कूटरच्या पुढच्या हुकला लावला आणि इतक्या सावकाश गेलो की एक सायकलवाला मला ओलांडून पुढे गेला.

मंदाकिनीबाईंनी झाकण काढलं, वास घेतला, एक घास खाल्ला. शेजारच्या बाईंनाही थोडं वाढलं, मग दुसरा घास खाल्ला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. कारखान्यात मोठ्या साहेबांसमोर मोटर पहिल्यांदा चालू करतानासुद्धा माझी अशी अवस्था झाली नव्हती.

"कुणी केलं?"

"मी."

"खरं सांगा."

"शप्पथ."

त्यांनी वाटी पुसून खाल्ली. मग म्हणाल्या, "पुढची पाळी कधी तुमची?"

मी खिशातून यंत्र काढून बघितलं. "सतरा ऑगस्ट."

"तेव्हा वरणात थोडं आलं घाला. आणि हिंग कमी."

मी काडी काढली आणि त्यांच्यासमोरच लिहून घेतलं.